‘लग्न झालंय का?’ : एका याचिकेतले सोळा दिवस

५ जुलै २०२२. दिल्लीत राहणाऱ्या एका तरुणीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला : गर्भ २२ आठवड्यांचा. वय २५ च्या आसपास, मूळची मणिपूरची, बी.ए. झालेली, पाच भावंडांत थोरली. आईवडील शेती करणारे, तिच्या स्वतःच्या हाताला काम नाही. संबंध तिच्या मर्जीने होते, पण ज्याच्याशी होते त्याने ऐन वेळी लग्नाला नकार दिला. न्यायालयाच्या कागदांत तिचं नाव नाही, ‘एक्स’ एवढंच आहे.

गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या तिच्या याचिकेवर २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. २९ सप्टेंबरला आलेला अंतिम निकाल सगळ्यांनी वाचला, त्यावर अग्रलेख आले, चर्चा झाल्या. मला मात्र या प्रकरणात निकालाइतकेच ५ ते २१ जुलैमधले सोळा दिवस महत्त्वाचे वाटतात. मुलींसोबत दवाखान्यात जाणं हे माझं नेहमीचं काम आहे. नको असलेल्या गर्भारपणात वेळ नेमका कुठे जातो ते त्या सोळा दिवसांत स्वच्छ दिसतं. तो जातो एका प्रश्नात, आणि तो प्रश्न वैद्यकीय नाही.

आठवडे कुठून मोजतात

आधी २२ आठवडे म्हणजे काय ते सांगते, कारण शिकल्यासवरल्या घरांतही याबद्दल गोंधळ असतो. गर्भाचे आठवडे संबंध आले त्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकली, दुसऱ्याच दिवशी चाचणी केली आणि दोन रेघा उमटल्या, तरी त्या मुलीला तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. बिचारी म्हणते, ‘आत्ता तर कळलं!’ कागदावर महिना होऊन गेलेला असतो.

पाळी मुळात अनियमित असेल तर सहा-आठ आठवडे सहज निघून जातात. परीक्षेचा ताण असेल, अशक्तपणा असेल, होईल पुढच्या आठवड्यात. मग मैत्रीण सांगते पपई खा, तीळ-गुळाचा काढा घे. त्यात आणखी पंधरा दिवस. चाचणीची पट्टी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते, आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं. पण ज्या गावात दुकानदार वडिलांना ओळखतो आणि आशाताई शेजारच्याच गल्लीत राहतात, तिथे ती मागायची कुणी? त्यानंतर त्याला सांगायचं. तो म्हणतो थांब, घरी बोलतो. हे ‘थांब’ मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याचेही आठवडे मी मनातल्या मनात मोजते. लग्न होईल या आशेवर गेलेला महिना हा त्या मुलीचा निष्काळजीपणा नसतो. गर्भ ठेवायचा तर लग्न हवं, आणि लग्न ठरलं तर गर्भ लपेल, हे गणित तिला आपणच शिकवलेलं असतं.

दिल्लीतल्या त्या तरुणीचे पहिले २२ आठवडे कसे गेले याचा तपशील निकालात फारसा नाही. लग्नाचा शब्द शेवटच्या टप्प्यावर मोडला एवढं मात्र आहे, आणि मला तेवढं पुरतं.

उच्च न्यायालयात

तिने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मागणी साधी होती : १५ जुलैच्या आत गर्भपाताची परवानगी मिळावी, कारण तोपर्यंत गर्भ २४ आठवड्यांच्या आसपास पोहोचेल आणि मग याचिकेला अर्थ उरणार नाही. अविवाहित आईला समाज जगू देणार नाही, मूल वाढवण्याइतकी आर्थिक ताकद नाही आणि मनाचीही तयारी नाही, असं तिने म्हटलं होतं.

सुनावणीत न्यायालयाने तिला दुसरा रस्ता सुचवला. बाळंतपणापर्यंत तिची सुरक्षित ठिकाणी सोय करू, मूल दत्तक जाईल, दत्तकासाठी रांगा लागलेल्या आहेत. न्यायाधीशांची अस्वस्थता मला समजते. २३-२४ आठवड्यांचा गर्भ हा सोपा विषय नाही, आणि मी पाहिलेल्या डॉक्टर-नर्सपैकी त्याबद्दल कुणीच हलकेपणाने बोलत नाही. पण चार महिने लपून राहायचं, बाळंत व्हायचं, रिकाम्या हाताने परतायचं आणि आयुष्यभर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही ‘सोय’ कुणाची? आपल्याकडेही मुलीला ‘मावशीकडे’ पाठवण्याची जुनी रीत होती. नाव सोयीचं, हेतू लपवण्याचा.

१५ जुलैला उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. कारण दिलं ते नियमाचं. गर्भ संमतीच्या संबंधांतून राहिला आहे आणि स्त्री अविवाहित आहे, अशा स्त्रीचा उल्लेख नियमातल्या यादीत नाही, म्हणून नाही. तारखा बघा : ज्या दिवसाच्या आत परवानगी मागितली होती, नकार नेमका त्याच दिवशी आला.

यादी कुठून आली

इथे थोडं मागे जावं लागतं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. आईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडला तर करणाराही गुन्हेगार आणि करून घेणारी बाईसुद्धा. तरीही गर्भपात होतच होते, काड्या घालून, विषारी मुळ्या घालून, आणि बायका मरत होत्या. म्हणून केंद्र सरकारने १९६४ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्याच राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. १९६६ मध्ये समितीचा अहवाल आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

त्या काळाच्या मानाने हा कायदा खूप पुढचा होता, हे मनापासून सांगावंसं वाटतं. जगातल्या अनेक पुढारलेल्या देशांत तेव्हा असा कायदा नव्हता. पण त्यात एक शब्द राहून गेला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याने गर्भ राहिला तर त्यामुळे होणारा मनस्ताप गंभीर मानावा, अशी सवलत कायद्यात होती, आणि ती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरती होती. कंडोम फाटला, गोळी चुकली, तांबी सरकली, हे फक्त लग्न झालेल्यांच्या बाबतीत घडतं असं कायदा ५० वर्षं धरून चालला. वास्तविक कंडोम रोजच्या वापरात वर्षभरात १०० पैकी सुमारे १३ जोडप्यांना दगा देतो. लग्नाचा दाखला बघून तो फाटत नाही.

आपली भाषाही बघा. ‘कुटुंब नियोजन’ म्हणजे आधी कुटुंब, मग नियोजन. ‘पाळणा लांबवा’ म्हणजे पाळणा हलणार हे नक्की, प्रश्न फक्त केव्हा एवढाच. लाल त्रिकोणाखाली कायम आई, बाप आणि दोन मुलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही (२०१९-२१) गर्भनिरोधनाचा ठळक आकडा विवाहित स्त्रियांचाच आहे : ६६.७ टक्के जोडपी काही ना काही पद्धत वापरतात, स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. ही शेवटची दोन टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून वाचा. विवाहातसुद्धा जबाबदारी कुणाच्या पोटावर टाके घालून पार पडते ते कळतं. आणि जिचं लग्न झालेलं नाही ती त्या ठळक आकड्यात कुठेच नाही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली, म्हणजे या याचिकेच्या १०१ वर्षं आधी. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. संभोग आणि अपत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करण्याचा हक्क बाईला हवा, हे इथल्या मातीत मराठीतून सांगून झालेलं आहे. म्हणूनच ‘पाश्चात्त्यांचं खूळ’ हा शेरा ऐकला की मला वाईट वाटतं.

२०२१ च्या दुरुस्तीने तो शब्द बदलला. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं झालं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टर, आणि तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठीच. या २४ आठवड्यांच्या मर्यादेमागेही मुंबई आहे. २००८ मध्ये एका मुंबईकर दांपत्याला २४ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयातला दोष कळला. त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले आणि परवानगी नाकारली गेली. कायदा बदलला पाहिजे ही मागणी तिथून जोर धरत गेली.

ते ठरावीक गट ऑक्टोबर २०२१ च्या नियमांत, ‘३ ब’ मध्ये, सांगितले आहेत. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. आणि त्यातच एक ओळ : गर्भारपण चालू असताना ‘वैवाहिक स्थिती बदललेल्या’ स्त्रिया. कंसात लिहिलं होतं, वैधव्य आणि घटस्फोट.

म्हणजे नवरा वारला किंवा घटस्फोट झाला तर कायद्याला तुमची अडचण समजत होती. लग्नाचं वचन देणारा निघून गेला तर समजत नव्हती.

सर्वोच्च न्यायालयात

२१ जुलैला न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कान्त आणि न्या. बोपण्णा यांच्यासमोर प्रकरण आलं. एम्सने दुसऱ्या दिवसापर्यंत वैद्यकीय मंडळ नेमावं, आणि तिच्या जिवाला धोका न होता गर्भपात करता येतो असं मंडळाचं मत पडलं तर तो एम्सनेच करावा, असा आदेश झाला. त्यात एक मुद्दा होता जो माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा : २४ आठवडे भरण्याआधी ती उच्च न्यायालयात आली होती, न्यायप्रक्रियेत लागलेल्या वेळाचा भुर्दंड तिने सोसायचा नाही. कॅलेंडर कुणी खाल्लं याचा हिशोब न्यायालयाने तिच्या नावावर मांडला नाही.

तिचा निकडीचा प्रश्न त्या आदेशाने हातावेगळा झाला होता, पण न्यायालयाने नियमाचा अर्थ लावायचं ठरवलं. २९ सप्टेंबरचा निकाल न्या. चंद्रचूड यांनी लिहिला, सोबत न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला होते. ‘वैवाहिक स्थितीतला बदल’ या शब्दांचा अर्थ बाईच्या परिस्थितीत पडलेला मोठा फरक असा घ्यायला हवा, कंसातली दोन उदाहरणं म्हणजे कुंपण नव्हे, असं त्यांनी म्हटलं. विवाहितेला एक न्याय आणि अविवाहितेला दुसरा, हे घटनेच्या समानतेच्या १४ व्या कलमात बसत नाही. शरीरसंबंध फक्त विवाहितच ठेवतात अशा समजुतीवर कायद्याचा अर्थ उभा करता येणार नाही. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय २१ व्या कलमातल्या स्वातंत्र्याचा भाग आहे.

त्याच निकालात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या बातम्यांत आल्या तेवढ्या लोकांच्या मनात उतरल्या नाहीत. एक : गर्भपाताच्या कायद्यापुरतं ‘बलात्कार’ यात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही धरली जाईल. दोन : अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधांतून गर्भार राहिली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. या दुसऱ्या मुद्द्याने किती मुली भोंदू दायांच्या हातून वाचू शकतात ते दवाखान्यात बसणाऱ्यालाच कळेल.

आणि डॉक्टरांनाही न्यायालयाने स्पष्ट सांगितलं : घरच्यांची संमती, पुरावे, कोर्टाची परवानगी, यातलं जे कायद्यात नाही ते मागू नका. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते.

आपल्याकडे

मुंबई उच्च न्यायालय याच्या सहा वर्षं आधीच या दिशेने बोललं होतं. २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका स्त्री कैद्याचा प्रश्न न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला. न्या. ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने तेव्हाच म्हटलं होतं की नको असलेलं गर्भारपण बाईचं लग्न झालंय की नाही हे बघून येत नाही, आणि शरीर तिचं आहे.

निकाल होतात. मग दवाखान्याचा काउंटर येतो.

मागच्या वर्षी २१ वर्षांच्या एका मुलीसोबत मी एका खाजगी रुग्णालयात गेले होते. तिने पाळी चुकल्यावर लगेच चाचणी केली होती, दोन दिवसांत फोन केला होता. यापेक्षा शहाणपणाने कुणी वागू शकत नाही. काउंटरवरच्या बाईंनी केसपेपर ओढला, पेन उघडलं आणि विचारलं, ‘सौ. की कुमारी?’ मुलगी गप्प. ‘मिस्टरांचं नाव सांगा.’ ती माझ्याकडे बघायला लागली. बाई वाईट नव्हत्या, रोज शंभर जणींना विचारतात तसंच त्यांनी विचारलं होतं. रांगेतल्या दोघी-तिघींनी मात्र मान वळवली. आत गेल्यावर सांगण्यात आलं, आईवडिलांपैकी कुणाला तरी घेऊन या, नाहीतर आम्ही केस घेत नाही. ती सज्ञान आहे, संमतीच्या फॉर्म सी वर तिचीच सही लागते, हे मी शांतपणे सांगून पाहिलं. ‘मॅडम, कायदा बरोबर आहे हो, पण उद्या त्यांचे घरचे येऊन आमच्या काचा फोडतात.’

ही भीतीही खोटी नाही. पण तिची किंमत मोजते ती रांगेतली मुलगी. बाहेर येऊन पायरीवर बसल्यावर ती म्हणाली, ‘ताई, मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच खाली करून घेऊ का?’ नकाराचा अर्थ तिला तेवढाच कळला होता.

महाराष्ट्रात तर मेडिकलचीही वेगळीच गोष्ट आहे. २०१२ च्या सुमारास स्त्रीभ्रूणहत्येची भयंकर प्रकरणं उघडकीला आल्यावर अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांवर करडी नजर ठेवली आणि अनेक दुकानदारांनी कटकट नको म्हणून त्या ठेवणंच सोडलं. मुलींना वाचवण्याचा हेतू खरा होता. पण मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या नियमाप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिल्या जातात. एवढ्या लवकर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, कायद्याप्रमाणे केलेला गर्भपात नाही. या दोन वाक्यांची सरमिसळ इतकी पक्की झाली आहे की मी बोलायला उभी राहिले की निम्म्या वेळा पहिला प्रश्न ‘पण गर्भपात बेकायदेशीर ना?’ हाच असतो.

दुसरी सरमिसळ तातडीच्या गोळीची. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ती बीजांड सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. तरी ती मागणाऱ्या मुलीला दुकानात जी नजर मिळते त्यात हा फरक कुणी करत नाही. त्या नजरेला भिऊन ७२ तास गेले की पुढचे आठवडे सुरू होतात.

लग्न झालेली

हे प्रकरण फक्त अविवाहित मुलींचं आहे असं वाटत असेल तर २०२३ बघा. सर्वोच्च न्यायालयात एक विवाहिता आली, दोन मुलांची आई. धाकट्याला अंगावर पाजत होती, पाळी आलेली नव्हती. अंगावर पाजतोय तोवर दिवस जात नाहीत हे घरोघरी सांगतात, तिनेही तसंच धरलं. कळलं तेव्हा २४ आठवडे होऊन गेले होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर जडलेल्या मानसिक आजाराची औषधं चालू होती. ९ ऑक्टोबरला दोन महिला न्यायमूर्तींनी परवानगी दिली, ११ ला त्याच दोघींचं मत दुभंगलं, आणि १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने नकार दिला. गर्भ तोवर २६ आठवडे ५ दिवसांचा होता. एम्समधून गर्भ जगण्याजोगा असल्याचं कळवण्यात आलं होतं.

तिला नवरा होता, तो सोबत होता, संमती होती. तिला कुणी ‘सौ. की कुमारी’ विचारून अडवलं नसेल. पण बाळंतपणानंतर दीड महिन्याच्या तपासणीला ‘पाळी आली नाही तरी दिवस जाऊ शकतात, आता कोणतं साधन वापरणार?’ हे विचारायचं असतं. आपल्याकडे त्या तपासणीत बाळाचं वजन होतं, आईचं काही होत नाही. अविवाहितेला नको तो प्रश्न विचारतात आणि विवाहितेला हवा तो विचारत नाहीत.

त्या २१ वर्षांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. छोटंसं मान्यताप्राप्त केंद्र, बाहेर चार खुर्च्या. डॉक्टरबाईंनी समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ तिने तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं, सोनोग्राफी करून खात्री केली. सहा आठवडे पूर्ण. कोणत्या गोळीनंतर काय होईल, किती रक्तस्राव म्हणजे नेहमीचा आणि किती झाला तर रात्री दोनलाही फोन करायचा, हे कागदावर मराठीत लिहून दिलं. फॉर्म सी पुढे सरकवला. तिने सावकाश वाचला, एके ठिकाणी अडली, विचारलं, आणि सही केली. साक्षीदार म्हणून कुणी हवं का, असं तिने विचारलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘नको गं, तुझीच पुरते.’

पंधरा दिवसांनी तपासणीला मी येऊ का म्हणून फोन केला, तर ती बसमध्ये होती, तिकडेच निघालेली.